बाईंनी विचारायचा प्रश्न

मुंबई, मार्च १९८६

सौ. मथुरेस, काशीरामकडून.

आम्ही गाववाले राहतो त्या गावकीच्या खोलीवर एक तरुण बाई आल्या होत्या. मनाचा अभ्यास करतात. घर सोडून राहणाऱ्यांची पाहणी करायला सरकारने त्यांना पहिलंच अनुदान दिलंय. कुणालाही विचारलं तरी उत्तर खोलीतले वडीलधारे धोंडूतात्याच देत होते, "आमची पोरं खुशाल आहेत." माझा जीव इथं लागत नाही, ते बोलायचं राहिलं.

आता त्या आपल्या गावी, अलोऱ्याला, बायकांना भेटणार. जिन्यात गाठून म्हटलं, "आमच्या मंडळीला निरोप द्याल?"

"अनुदान प्रश्न विचारायला मिळालंय, निरोप पोचवायला नाही."

"मग विचारा, नवरा कायमचा परत आला तर चालेल काय?"

हसल्या, पण लिहून घेतलं.

हे पत्र टाकलं तर घरी माझा दादा सगळ्यांसमोर वाचून दाखवील, आणि तू मान खाली घालून होय म्हणशील. म्हणून टाकत नाही. बाई परक्या आहेत, त्यांना तू खरं सांगशील.

तुझा,
काशीराम