गुळाच्या हातानं घेतलेली शुगर

बाबा,

मी हिंगोलीला पेपरला चालले. तुमी झोपेत होते म्हणून उठवलं न्हाई.

परवा मशीनवर दोनशे एकतीस आलं तवापासून तुमी धड जेवून न्हाई राहिले. पण त्या सकाळी तुमी आईला चहासाठी गूळ फोडून दिला अन् हात न धुताच बोट टोचलं. बोटाचा गूळ मशीननं रक्तातच धरला. काल हात धुवून उपाशीपोटी एकशे बारा आलं, तर तुमी म्हणले मशीन बिघडली. वाईट आकडाच काहून खरा वाटतो तुमाला?

आज चहाच्या आधी हात धुवा, कोरडे करा, मग टोचा. शंभरच्या थोडं वर येईल. शुगर काठावर हाय, हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. भाकर खा, सांजच्याला चालून या, अन् सोमवारी सगळे आकडे त्यांना दाखवा.

अन् वसमतच्या पाहुण्यांना फोन करून रविवारी येऊ नका म्हणा. मी हाय तोवर पोरीचं उरकून टाकू, असं तुमी आईला बोलले ते मला कळलं.

तुमी हाय, बाबा. गुळापायी माझं लग्न लावू नका.

आकांक्षा