दादांचं डावं गिरमिट

लातूर, सोमवार, संध्याकाळ

नव्यानंच झालेल्या या जिल्ह्यात ह्यांची बदली झाली, म्हणून आम्हीही इथं नवे. सामान लावताना माझ्या वडिलांचं, दादांचं, भोकं पाडायचं गिरमिट निघालं. ह्यांनी फळीवर फिरवून पाहिलं.

"पार बोथट हाय. दे भंगारात तुझ्या बापाची इस्टेट!"

मन खट्टू झालं. दुष्काळात दादांनी सुतारकामाची सगळी हत्यारं विकली. हे एकच गिऱ्हाइकानं परत आणलं होतं, "लाकडात शिरंना" म्हणून. का बरं? पात्याचा पीळ निरखत बसले. उलटा होता... आणि आठवलं, दादा डावखुरे! लोहाराकडून मुद्दाम तसा करून घेतला असणार.

मी गिरमिट डावीकडं फिरवलं. लाकडाचा कीस वळत वर आला.

"अगं, चाललं की!"

दादांचं मनगट कसं वळायचं, ते आज माझ्या मनगटाला कळलं.