कान्याखालचा थेंब

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार
सकाळी पाणी भरलं. दळण आणलं. दुपारी प्रेरणा पुण्याहून एसटीने आली. धाकट्या दिरांची मुलगी. हे बोर्ड रंगवायचे; ह्यांच्या अक्षरांचा कॉम्प्युटरसाठी फॉन्ट करते आहे. जाड, वळणदार, मोठ्या बोर्डांना आणि लग्नपत्रिकांना शोभेल असा. नावही ठरलंय, ह्यांचंच — ‘बाजी’. ह्यांना जाऊन पाच महिने झाले. मोबाईलवर तिने एक ‘ळ’ दाखवला. “काकू, काकांचा सगळ्यात देखणा!”
मी चहा ठेवायला आत गेले. तो ‘ळ’ माझ्या हातचा.

४ नोव्हेंबर
जेवण गेलं नाही.
शेवटची चार वर्षं ह्यांचा हात थरथरायचा. बोर्डाचा पत्रा घरी आणून ओसरीवर आडवा टाकायचो. हे खुर्चीत बसून सांगायचे, मी रंगवायची. मग हे नेऊन लावून यायचे. “कुणाला बोलायचं न्हाई,” एवढीच अट. नाही बोलले.
आता खरं सांगावं, तर गेलेल्या माणसाचा शब्द मोडायचा. शिवाय इथे भोरमध्ये त्यांचं हसं! गप्प बसावं, तर त्या पोरीचं सगळं काम खोट्यावर उभं.

६ नोव्हेंबर
प्रेरणाने जुन्या-नव्या बोर्डांचे फोटो शेजारी शेजारी मांडले. “आंबवड्याच्या देवळावर बघा, काना खाली फुगून थेंब लोंबतोय. कापूरहोळच्या ढाब्यावर थेंब आहे, पण वेगळा काढल्यासारखा. असं का?”
हे शिडीवर उभे राहून रंगवायचे. एकदा रंग ओघळला, तो पुसायच्या ऐवजी त्याचाच थेंब केला. पुढे लोक तसाच मागू लागले! माझा पत्रा आडवा. रंग ओघळणार कुठून? मी थेंब वेगळा काढायची.
म्हटलं, “ब्रश बदलला असेल.”

७ नोव्हेंबर
आजही सांगितलं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
प्रेरणाबरोबर कामथडीला गेले. ह्यांचे मित्र सावळारामभाऊ, त्यांच्या टेम्पोचा मागचा फाळका बघायला. दोन वर्षांपूर्वी हे तो काढून रंगवायला घरी घेऊन आले होते.
प्रेरणा म्हणाली, “काकांनी काय काना ओढलाय!”
भाऊ हसले. “काकांनी कुठला! वयनींचा हात हाय त्यो. बाजीच म्हनला हुता.”
मी फाळक्यावरच्या त्या कान्यावर बोट टेकवलं.
“ढाब्यावाल्याला बी म्हाईत हाय. समद्यांस्नी सांगायचा — मालकीन माज्यापरीस सरस काढती. पर तिच्याम्होरं बोलू नगा. लोकं बघत्यात म्हनलं की हात आकडंल तिचा.”
चार वर्षं मी लपवत होते, आणि हे गावभर सांगत फिरत होते! फक्त मला कळू दिलं नाही.
येताना प्रेरणाला पहिल्यापासून सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मग फॉन्टला नाव कुणाचं?” म्हटलं, “बाजीच राहू दे. थेंब त्यांचा आहे.” ती म्हणाली, “आणि ‘ळ’ तुमचा. तसं लिहिणार मी.” मी नको म्हटलं नाही.
घरी येऊन दोन भाकरी खाल्ल्या.

१२ नोव्हेंबर
फुलाबाईंच्या पिठाच्या गिरणीच्या बोर्डाचा पत्रा ह्यांच्या आजारपणापासून कोराच पडून होता. आज बाहेर काढला. आडवा टाकला नाही, भिंतीला उभा केला. पहिला काना ओढला. रंग ओघळला. थांबला तिथे राहू दिला.