वुलांगचा उजवा डोळा

मी, रंबू कोंगा, वडिलांचे नाव उंबू हापू, राहणार प्राइमंगिल, सुंबा बेट (पूर्व), प्राथमिक शाळेची निवृत्त शिक्षिका, अविवाहित, हे मृत्युपत्र माझ्या ओसरीवर बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके जागेवर आहे. पोटात गाठ आहे, ती वाइंगापू शहरातल्या डॉक्टरांनी मला फोटोत दाखवली. ती कशामुळे झाली हे शोधत बसायचे माझे वय नाही. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. न लिहिण्यासाठी मात्र बरीच झाली.

गावात मला वुलांगची धनीण म्हणतात. वुलांग म्हणजे चंद्र. माझ्या घोड्याच्या कपाळावर पांढरा ठिपका आहे, म्हणून त्याचे हे नाव. आमच्याकडे मानाच्या माणसाचे नाव तोंडावर घेत नाहीत, त्याच्या घोड्याच्या नावाने हाक मारतात. हा मान पुरुषांचा. मला तो शाळेतल्या पोरांनी दिला, कारण बाईंचे नाव घ्यायची त्यांची छाती होत नव्हती आणि बाई रोज घोड्यावरून येत. पुढे त्यांचे बापही तेच म्हणू लागले. हे कायदेशीर नाव नाही, पण या कागदात त्याचे काम आहे.

१. शाळेमागचे माझे पत्र्याचे घर, आवारातल्या चिंचेसकट, माझा भाऊ उंबू रेतांग याची मुलगी रंबू नाहा हिला (रंबू हे आमच्या घराण्यातल्या बायकांचे मानाचे उपपद, उंबू पुरुषांचे). चिंच तोडायची नाही. फांद्या विजेच्या तारांना लागतात म्हणून दरवर्षी कोणीतरी कोयता घेऊन येतो. त्याला कॉफी द्यावी आणि परत पाठवावे. गावातले उंच छपराचे थोरले घर माझे नाही, घराण्याचे आहे. त्याबद्दल बोलायचा मला अधिकार नाही, हे मला जन्मभर ऐकवले गेले आहे.

२. बँकेत जे असेल ते घोड्याच्या औषधासाठी, नाहाच्या हाती. आईचे सोन्याचे कर्णभूषण भावाच्या धाकट्या मुलाच्या लग्नात मुलीकडच्यांना द्यावे. माझा देह गुंडाळायला नाहाने विणलेले निळे वस्त्र पुरे. जितकी वस्त्रे तितका मान, हे मला ठाऊक आहे. उरलेला मान पेटीत ठेवा.

३. वुलांग. हा घोडा माझ्या धाकट्या भावाच्या, उंबू रेतांगच्या, कळपात जन्मला. रेतांगच्या मोठ्या मुलाच्या लग्नात मुलीकडच्यांना जे घोडे द्यायचे ठरले, त्यात हा होता. मुलीचे मामा आले, प्रत्येकाचे दात पाहिले, खूर पाहिले आणि याच्यापाशी थांबले. डाव्या डोळ्यातून पाणी गळत होते.

"हा रडतोय," मामा म्हणाले. "आमच्याकडे यायचं म्हणून, की इतके दिवस तुमच्याकडे राहिला म्हणून?"

सगळे हसले आणि घोडा परत आला. परत आलेला घोडा कळपात ठेवणे रेतांगला कमीपणाचे वाटले. त्याने दोरी आणून माझ्या कुंपणाला बांधली.

"घे रंबू. शाळेत जायला होईल. तुझ्यासारखाच आहे, लग्नात खपला नाही."

हा विनोद त्याने पुढे पुष्कळदा केला. पण त्या दिवसापासून नोकरी संपेपर्यंत मी शाळेत पायी गेले नाही, हेही लिहून ठेवते.

डोळ्यातले पाणी थांबायचे आणि काही महिन्यांनी पुन्हा सुरू व्हायचे. गाव म्हणे, चंद्र वाढला की याचा डोळा येतो, तेव्हा आधी नाव बदला. पशुसंवर्धन खात्याच्या डॉक्टर सुल्याती आल्या, त्यांनी डोळ्यात बॅटरी मारून पाहिले आणि सांगितले की सूज डोळ्याच्या आत आहे, ती आपली आपण परत येते, आणि दर वेळी थोडी नजर घेऊन जाते. "बरा होणार नाही, बाई. राखता येईल," त्या म्हणाल्या. बरे करण्यापेक्षा राखणे मला जास्त जमते. मी शिक्षिका होते.

४. माझी पानाची पिशवी. ती उंबू रेतांगला, चुन्याची डबी सोडून.

याचे कारण असे. मी एकदा शिक्षकांच्या बैठकीला वाइंगापूला गेले असताना डावा डोळा सुजला. रेतांगने तो पाहिला. आमच्या घरात तापलेल्या लेकराच्या कपाळावर, नव्या घराच्या खांबावर, प्रवासाला निघालेल्याच्या छातीवर चावलेले पान थुंकतात, पूर्वजांची नावे घेऊन. तो आशीर्वाद असतो. रेतांगने पान, सुपारी, चुना नीट चावला, नावे घेतली आणि घोड्याच्या डोळ्यात पिंक टाकली. मी परत आले तेव्हा बुबुळ नारळाच्या खोबऱ्यासारखे पांढरे झाले होते.

"मी आशीर्वाद दिला," तो म्हणाला.

"चुन्यासकट दिलास," मी म्हणाले.

तेव्हापासून मी त्याच्या हातचे पान घेतले नाही. लग्नात, मयतात, चारचौघांत तो पिशवी पुढे करायचा आणि मी त्याच्या हाताकडे बघत बसायची. बाहेरच्याला ही क्षुल्लक गोष्ट वाटेल. आमच्याकडे ती मुस्काटात मारल्यासारखी असते. त्याने घोड्याचे वाईट चिंतले नव्हते, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. राग त्यामुळे कमी होत नाही.

ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे नोटरी म्हणाले. रेतांग साक्षीदार हवा होता, म्हणून पिशवी त्याला आज सकाळी हातात दिली. त्याने त्यातलेच पान काढून मला दिले. मी खाल्ले. चुना नव्हता, त्यामुळे रंगले नाही. डबी नाहाकडे जाईल. तिला निळीच्या रांजणात घालायला चुना लागतो.

५. उजवा डोळा. डावा कायमचा गेला, आणि तोच आजार आता उजव्यालाही येतो. नाहाला हे सगळे पाठ आहे, तरी लिहिते.

सकाळी ऊन चढायच्या आत आणि उतरल्यावर चरायला सोडावे. मधला वेळ चिंचेखाली. तोंडावरची जाळी माझ्या जुन्या लुगड्याची आहे. ती रोज धुवावी, आणि बांधताना पापण्यांना लागत नाही ना, बोट घालून बघावे. जाळी माशांसाठी आहे, धुळीसाठी आहे आणि उन्हासाठी आहे. शोभेसाठी नाही, तेव्हा तिला झालर लावू नये. कुंपणाजवळची काटेरी झुडपे वाढू देऊ नयेत. म्हशी लोळतात त्या डबक्यावर पाणी पाजू नये. उंदीर मुततात त्या साचलेल्या पाण्यातून हा आजार सुरू होऊ शकतो, असे डॉक्टर सांगतात.

डोळा यायच्या आधी तो सांगतो. पापणीचे केस एरवी समोर बघतात, ते खाली बघू लागतात. मग पाणी. मग निळसर धुके. केस खाली आले की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. चंद्र बघत बसू नये. जुने उरलेले मलम आपल्या मनाने घालू नये: बुबुळावर ओरखडा असेल तर त्यातले एक मलम डोळा खाते, आणि ओरखडा आहे की नाही ते डॉक्टरच रंग घालून सांगू शकतात. दुसरे मलम बाहुली मोठी करते. ते घातल्यावर त्याला उजेड सोसत नाही, म्हणून काळोखात उभा करावा.

नाहा, हात. निळीच्या रांजणातून हात काढून सरळ घोड्याकडे जायचे नाही. नखांत चुना राहतो. साबणाने धू, आणि धुतलेस तरी पुन्हा धू. जाताना उजवीकडून जा, आधी बोल, मग मानेवर हात ठेव, मग डोळा.

६. आता ज्यासाठी कागद घेतला ते.

आमच्याकडे धनी गेला की त्याचा घोडाही मारून त्याच्यासोबत पाठवतात, प्राण गेला त्याच दिवशी, अंगणात. देह पुरायला मग कितीही वेळ लागो. स्वाराने पूर्वजांच्या गावी पायी जाऊ नये म्हणून. मी बाप्तिस्मा घेतलेला आहे, दर रविवारी चर्चमध्ये जाते, आणि तरीही मला हे खोटे वाटत नाही. वडिलांचा घोडा पडला तेव्हा मी तिथे होते. वडील पायी निघालेले नाहीत, एवढे मला तेव्हा नक्की कळले.

माझ्या गाठीचे समजल्यावर रेतांग पुजाऱ्याकडे गेला. पुजाऱ्याने कोंबडीचे आतडे पाहिले. आंधळा घोडा चालणार नाही, स्वार भरकटेल, असे निघाले. पण एक डोळा असेल तर वाटेपुरता होतो.

म्हणजे जो डोळा मी इतकी वर्षे राखला, त्याच्यामुळेच तो मरणार होता.

रेतांग माझ्या पायरीवर येऊन बसला. तो दुष्ट माणूस नाही. फार हळू बोलला.

"रंबू, औषध थांबव. मी बोलणार नाही, कुणीच काही बोलणार नाही. एक पावसाळा गेला की डोळा आपोआप जाईल. आंधळ्या घोड्याला कोण हात लावतंय?"

"आणि मग?"

"मग काय? जगेल की."

"अंधारात."

"तू गेल्यावर त्याला उजेड काय कामाचा आहे?"

"चरायला," मी म्हणाले. "माशी कुठे बसली ते बघायला. तुझं तोंड ओळखून लांब पळायला."

तो हसला नाही. मीही नाही, कारण त्याचे म्हणणे मला पटत चालले होते. दुसऱ्या दिवशी मी मलमाची ट्यूब घेऊन वुलांगपुढे उभी राहिले, ती उघडायची की नाही हे ठरत नव्हते. त्याने नेहमीप्रमाणे डोके खाली आणले. मलम झोंबते, तरी आणतो. मला रडू आले आणि मी मलम घातले.

त्यानंतर मी नोटरींकडे गेले. मृत्युपत्रात घोडा नाहाला देते म्हणाले, तर ते म्हणाले, "बाई, मृत्युपत्र तुम्ही गेल्यावर उघडतं."

"तोवर घोडा गेलेला असेल."

"मग जिवंतपणीच देऊन टाका ना."

कागदावर दिला असता तर गावाने कागद वाचला नसता. म्हणून गावाला वाचता येईल असे केले.

७. वुलांग मी या मृत्युपत्राने देत नाही. तो दिलेला आहे. आज सकाळी थोरल्या घरापुढे, लोक जमलेले असताना, मी नाहाला मोठ्याने हाक मारली, "वुलांगची धनीण!" आणि तिने ओ दिली. आमच्यात याहून पक्के खरेदीखत नाही. ज्याला घोड्याचे नाव, त्याचा घोडा. आणि माझ्या मयताला दुसऱ्याचा घोडा मारता येत नाही.

"पोरीला घोड्याचं नाव?" रेतांग सगळ्यांदेखत म्हणाला. "उद्या सासरच्यांना काय सांगू मी?"

"सांगा, आधी घोडा बघून घ्या, मग मला," नाहा म्हणाली. "आवडला नाही तर दोघांनाही परत पाठवा."

घरी येताना वाटेत एका म्हाताऱ्याने मला सवयीने त्याच नावाने हाक मारली. मी ओ दिली नाही, सरळ चालत राहिले. वाईट वाटले. ते नाव मला आवडत होते.

रीत मोडली म्हणून कोणाचे डोके फिरलेच, तर त्याची सोय अशी. नीळ चालू असली की नाहाच्या रंगकामाच्या खोपटाकडे पुरुष फिरकत नाहीत. नजर लागून रांजण नासतो. मी जाईन त्या दिवशी नाहाने रांजण ढवळायला घ्यावा आणि घोडा आत न्यावा. तिथे काळोख आहे, डोळ्यालाही बरे.

"पण आत्या, वुलांगपण पुरुषच आहे की," नाहा म्हणाली. "नीळ नासली तर?"

"एकाच डोळ्यानं बघतोय. अर्धीच नासेल."

८. माझ्यासाठी दुसरा कोणताही घोडा मारू नये.

म्हणजे मी पायी जाणार. हे मी हसत लिहीत नाही. आमच्या घराण्यातून पायी कोणी गेलेले नाही, आणि माझे गुडघे काय आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. मला भीती वाटते. वडील वेशीवर उभे असतील, त्यांना लांबून मी चालताना दिसेन आणि ते मान खाली घालतील, असे वाटते. जवळ गेले की विचारतील, कोंगा, घोडा कुठे आहे तुझा?

मी सांगेन, उन्हाचा आणला नाही. त्याला ऊन सोसत नाही.

हे सर्व मी वाचून पाहिले, खाडाखोड केलेली नाही, आणि जे लिहिले ते मला हवे तसेच आहे.

स्थळ: प्राइमंगिल
तारीख: १२ ऑगस्ट २०१९

(सही) रंबू कोंगा

साक्षीदार:

(सही) डॉ. सुल्याती, पशुवैद्यक, वाइंगापू

(सही) उंबू रेतांग, लिहून देणारीचा भाऊ

सहीखाली उंबू रेतांग यांच्या अक्षरात: वाचले. मला मान्य नाही. बहीण पायी गेली म्हणून लोक मला नावे ठेवतील. ठेवू देत. त्या दिवशी खोपटाच्या दाराशी मी बसेन.