शब्दकोशाच्या पाठीतली पट्टी

मी, खाली सही करणार बाई, वय वर्षे एकोणपन्नास, अविवाहित, धंदा घरी बसून फाटक्या पुस्तकांची बांधणी दुरुस्त करणे, गल्लीत पुठ्ठेबाई म्हणून ओळखली जाणारी, आज चष्मा लावून, पूर्ण शुद्धीत, कोणी हात न धरता हे लिहून ठेवते. पोटातल्या गाठीने माझे वजन नेले, अक्कल नेली नाही. तसा डॉक्टरबाईंचा दाखला मागे टाचला आहे. दाखला लिहिता लिहिता त्या म्हणाल्या, "अशा वेळी पुष्कळांना सगळ्यांना माफ करावंसं वाटतं."

मी म्हटले, "मला नाही वाटत. तेवढं दाखल्यात घाला."

त्यांनी घातले नाही, म्हणून इथे घालते. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. पुढे जो राग दिसेल तो औषधांचा परिणाम आहे असे कोणी म्हणू नये. तो औषधांच्या पुष्कळ आधीचा आहे.

कलम एक. राहते घर. खाली शिंपीकाकांचे दुकान, वर आमच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत काम, आतल्या खोलीत झोप. घर अप्पांचे, म्हणजे आमच्या वडिलांचे, त्यांनी पुस्तकबांधणीच्या कमाईतून घेतलेले. त्यांच्यामागे वारस दोन, मी आणि माझ्याहून चार वर्षांनी लहान असलेली बहीण. तिने स्वतःचा हिस्सा माझ्या नावे सोडला आहे, कागद पत्र्याच्या पेटीत आहे. तो कागद झाला त्या दिवशी कचेरीतला कारकून तिला म्हणाला, "बाई, वाचून सही करा. अर्धं घर जातंय तुमचं."

"जाऊ दे," ती म्हणाली आणि सही करून माझ्याकडे वळली. "ताई, ते पत्र कुठल्या पुस्तकात गेलं ते आठवून बघ ना गं. तेवढंच."

पत्र म्हणजे अप्पांनी मरणाआधी तिला लिहिलेले पत्र. ते तिला कधी मिळाले नाही. कारकुनाने माझ्याकडे पाहिले. मी चिंधीने अंगठ्याची शाई पुसत होते आणि ती नीट पुसली जाईपर्यंत मी मान वर केली नाही.

हे घर विकावे आणि येईल ते सार्वजनिक वाचनालयाला द्यावे. त्यातून लोखंडी कपाटे घ्यावीत, कारण तिथली पुस्तके ओलीने कुजतात आणि ग्रंथपाल खिडकी लावायला उठत नाहीत. कपाटांवर ग्रंथपालांचे नाव येऊ नये. वीस वर्षे मी त्यांची पुस्तके सांधली आणि वीस वर्षे प्रत्येक गठ्ठा हातात घेऊन ते म्हणाले, "छान आहे. वडिलांची सर नाही, पण छान आहे." या वाक्याची परतफेड म्हणून कपाटांच्या किल्ल्या त्यांच्याकडे न देता शिपायाकडे द्याव्यात.

धाकटीला घर का नाही, असे कोणी विचारील. तिने घर मागितले नाही. न मागितलेले द्यायची मला सवय नाही. मागितलेलेही मी दिलेले नाही, ते पुढे येईलच.

कलम दोन. बँकेत जे असेल ते दवाखान्याचे भागल्यावर शिंपीकाकांना द्यावे. गेले सहा महिने त्यांच्या घरून माझे जेवण येते. ते "नको, नको" म्हणतील. म्हणू द्यावे, हात पुढेच असेल. माणूस चांगला आहे, फक्त तोंडात काही राहत नाही. आज माझ्या हातून जे लिहून होत आहे त्याचे निम्मे कारण त्यांचे तोंडच आहे.

कलम तीन. टेबलावरची अपुरी पुस्तके ज्याची त्याला परत द्यावीत. वकिलांच्या पुस्तकाची शिवण झाली आहे, पुठ्ठा राहिला. निवृत्त हेडबाईंचे पुस्तक आहे तसेच द्यावे आणि सोबत पुढील निरोप माझ्या शब्दांत द्यावा: "पहिल्या पानावरची तुमच्या आजोबांची सही चिकटपट्टीबरोबर निघून आली. पट्टी तुम्ही लावली होती, मी नाही. रडायचं असेल तर घरी जाऊन रडा." हेडबाईंनी मला सातवीत वर्गाबाहेर उभे केले होते. त्याचा याच्याशी संबंध नाही, पण असायला हरकतही नाही.

कलम चार. धाकटीच्या नवऱ्यास. हा गृहस्थ कागदाच्या कंपनीचे नमुने घेऊन घरोघर फिरायचा, म्हणून आम्ही त्याला नमुनाच म्हणायचो. सव्वीस वर्षांपूर्वी तो अप्पांना अस्तराचे कागद दाखवायला आला, तीन वेळा आला, चौथ्या वेळी धाकटीला घेऊन गेला. ती एकोणीस वर्षांची होती. जाताना नमुन्यांची वही इथेच विसरला. अप्पा म्हणाले, "जाळून टाक." मी जाळली नाही. ती वही त्याला परत द्यावी. त्यातला एकही कागद मी वापरलेला नाही. कागद चांगला होता, एवढे मान्य करते. तो तिला दुःखात ठेवील अशी माझी खात्री होती. त्याबाबतीत त्याने माझी घोर निराशा केली.

कलम पाच. हत्यारे. शिकंजा, म्हणजे पुस्तके दाबायचे यंत्र, भंगारात द्यावे. कात्री, भोके पाडायची आर, सुया आणि मेणाचा दोरा शिंपीकाकांना. अप्पांची पातळ सुरी मात्र कोणाला देऊ नये. ती पुढच्या कलमातल्या वस्तूसोबत, त्याच फडक्यात गुंडाळून ठेवली आहे.

कलम सहा. हे कलम धाकटीसाठी आहे. साक्षीदारांनी तिला ते बसवून वाचून दाखवावे. पाणी जवळ ठेवावे.

अप्पांनी आम्हा दोघींना एकाच टेबलावर शिकवले. मी मोठी म्हणून आधी बसले, पण बाराव्या वर्षी धाकटी जुन्या पुस्तकाची पाठ कागद न फाडता अखंड उचलायची आणि अप्पा शेजारपाजारच्यांना बोलावून ते दाखवायचे. माझ्या हातची पाठ तुकड्यांनी यायची. ती गेल्यावर अप्पांनी तिचे नाव टाकले आणि राहिले ते सगळे काम माझ्या अंगावर आले. पंधरा वर्षे मी शिवले, चिकटवले, स्वयंपाक केला, त्यांना अंघोळ घातली. पंधरा वर्षांत त्यांनी एकदाही शेजारच्यांना बोलावले नाही.

अप्पांचा एक नियम होता. चिकटवायचे ते खळीने, मैद्याच्या शिजवलेल्या खळीने, कारण खळ ओल्या फडक्याने सुटते. बाजारातला पांढरा गोंद घरात आणायचा नाही, तो एकदा धरला की सोडत नाही. ते म्हणायचे, "पन्नास वर्षांनी हे पुस्तक कुणीतरी पुन्हा उघडणार. त्याचा रस्ता आपण बंद करायचा नाही." दुसरी सवय अशी, की लिहायचे ते पुस्तकाच्या पाठीला लावायच्या कागदी पट्ट्यांवर, आणि शिसपेन्सिलने. पेन्सिलीला पाण्याची भीती नसते.

अकरा वर्षांपूर्वी, अंथरुणाला खिळल्यावर, त्यांनी अशाच एका लांब पट्टीवर दोन्ही बाजूंनी लिहिले आणि ती माझ्या हातात दिली. "धाकटीला पाठव. आजच."

मी बाहेरच्या खोलीत येऊन एक बाजू वाचली. तिच्यावर होते ते जसेच्या तसे देते, कारण मला ते पाठ आहे:

"धाकटे, हात तुझाच होता. थोरली काम नीट करते, पण तिच्या हातात राग आहे आणि पुस्तकाला तो कळतो. तुझ्यावर मी रुसून बसलो आणि राबायला तिला धरलं. एकदा ये. उशीर करू नको. आणि थोरलीला सांग की"

इथे बाजू संपते. मी पट्टी उलटली नाही. खाली जाऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून पांढऱ्या गोंदाची बाटली आणली. टेबलावर आमचा घरचा मोठा शब्दकोश पाठ उघडी करून पडला होता. न वाचलेली बाजू खाली करून मी ती पट्टी त्याच्या पाठीला गोंदाने चिकटवली आणि वरचे कापड मात्र खळीने लावले. शब्दकोश शिकंज्यात घातला. एवढे सुबक काम माझ्या हातून आधी झाले नव्हते.

संध्याकाळी अप्पांनी विचारले, "पाठवलंस?"

"हो."

त्यानंतर ते आठ दिवस जगले. रोज विचारायचे, "उत्तर आलं?" मी रोज म्हणायचे, "नाही." सातव्या दिवशी म्हणाले, "तिला मिळालं तर असेल ना गं?" मी म्हणाले, "मिळालं अप्पा. येणाऱ्याला एक दिवस लागतो." आठव्या दिवशी त्यांनी विचारले नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले आणि तसेच गेले. धाकटे, तू आली नाहीस असे समजून ते गेले. हे लिहिले नाही तर हे मृत्युपत्र खोटे ठरेल.

पत्राचे तुला कधी कळलेच नसते. पण अप्पांनी ते शिंपीकाकांना आधीच सांगितले होते आणि काकांनी तुला अप्पा गेल्यानंतरच्या पहिल्याच भेटीत सांगून टाकले. तू माझ्याकडे आलीस. मी म्हटले, पट्टीवर लिहिलेलं होतं, चुकून दुरुस्तीच्या पट्ट्यांत मिसळलं असेल. त्या महिन्यात साठ-सत्तर पुस्तकं गेली, कुठल्या पाठीत गेलं काय सांगू? ही अशी चूक आमच्याच घरात होऊ शकते, म्हणून तुला खरी वाटली.

मग तू ती पुस्तके शोधत फिरलीस. वाचनालय, शाळा, वकिलांचे कपाट. एकेक पाठ उघडायची, बघायची, पुन्हा खळीने बंद करायची. ग्रंथपालांनी मला हौसेने सांगितले, "त्रेसष्ट झाली. उघडली होती हे कळतसुद्धा नाही हो. अगदी वडिलांचा हात." त्या दिवशी मला चौसष्टावे हवे होते, पासष्टावे हवे होते. तुझे डोळे जावेत असे वाटले होते.

दर दोन महिन्यांनी तू वर यायचीस. मी चहा द्यायचे. खोलीत दुसरी सपाट जागा नसते, म्हणून तू कपबशी त्याच शब्दकोशावर ठेवायचीस आणि विचारायचीस, "ताई, काही आठवतंय का?"

"नाही गं," मी म्हणायचे. "कप उचल, कापडावर डाग पडतो."

तो शब्दकोश मी तुला देते. दुसरे काही देत नाही.

वरचे कापड काढलेस की पहिली बाजू दिसेल. ती तू वर ऐकलीच आहेस. दुसरी बाजू गोंदात आहे. मी तीनदा प्रयत्न केला. पाणी लावले, वाफ दिली, सुरी घातली. खालच्या कोपऱ्यातून नखाएवढा कपटा सुटला. तो पाकिटात ठेवला आहे. त्यावर एक उभी रेघ आहे, बाकी लगदा झाला. चौथ्यांदा मी हात लावला नाही. हात कोणाचा होता ते अप्पांनी लिहून ठेवलेच आहे, तर आता तूच काढून दाखव. फाटले, तर तेही खोटे ठरेल आणि मला इतकी वर्षे उगीच जळावे लागले असे होईल. अखंड आले, तर त्यांनी मला काय सांगायला सांगितले होते ते तुला कळेल.

कलम सात. या मृत्युपत्राची अंमलबजावणी डॉक्टरबाईंनी करावी. माझे डोळे कोणाला उपयोगी पडत असतील तर काढून घ्यावेत, चांगले आहेत, बारीक काम केलेले आहेत. फोटो लावू नये.

सही करण्याआधी शिंपीकाकांनी हा कागद खिडकीशी नेऊन सगळा वाचला. साक्षीदाराने वाचायची गरज नसते, तरी वाचला. मग चष्मा काढून म्हणाले, "पोरी, ती परवाच येऊन गेली. आत्ता बोलावतो. तुझ्यादेखत उघडू दे. तुलाही कळेल ना त्यांनी काय लिहिलंय."

"तेच नकोय."

"चांगलं असेल गं काहीतरी. बापच तो."

"काका, चांगलं असलं तर मी काय करू?"

त्यांनी चष्मा पुन्हा लावला आणि पेन मागितले. त्यांच्या तोंडात काही राहत नाही, म्हणून आज ना उद्या धाकटी जिना चढून येणार हे गृहीत धरून शेवटची अट घालते. या कागदातले सगळे तिला आजच कळले तरी माझी हरकत नाही. तिने यावे, ओरडावे, हात उचलावा, मी टेबलाशीच बसलेली असेन. मात्र शब्दकोश माझा श्वास थांबेपर्यंत तिच्या हाती देऊ नये. आणि दुसऱ्या बाजूला जे निघेल ते तिने नवऱ्याला सांगावे, काकांना सांगावे, वाटल्यास वाचनालयाच्या फळ्यावर लिहावे. माझ्या देहापाशी येऊन, कानाशी वाकून, सांगू नये.

लिहून देणार: सही

साक्षीदार पहिले, खालच्या दुकानाचे शिंपी: सही. (वाचले. सही केली. पटले नाही.)

साक्षीदार दुसऱ्या, डॉक्टर: सही. (सही करणारी बाई पूर्ण शुद्धीत आहे.)

स्थळ: वरचा मजला, बाहेरची खोली
दिनांक: ९ नोव्हेंबर, दुपारचे चार