चिंधी बांधलेला टोमॅटो

रविवार, ९ तारीख
दुपारचे साडेतीन

तीर्थस्वरूप ताईस,
सा. न. वि. वि.

शाळेत पत्रलेखनाच्या प्रश्नात या चार अक्षरांना एक मार्क असायचा आणि मला बहुतेक वेळा तेवढाच मिळायचा, म्हणून ती अजून पाठ आहेत. तुझं पत्र मिळालं. पाकिटावर तीन पत्ते खोडलेत, म्हणजे माझ्यामागे तेही बिचारं बरंच हिंडलंय. तू, भाऊजी, छोटी सगळे बरे असाल. मीही बरा आहे. वजन वाढलंय. फोन करायचा सोडून पत्र कसलं लिहितोस, असं म्हणशील. फोनवर तू रडायला लागतेस आणि मी फोन ठेवून देतो. कागदाचं तसं नाही, बाजूला ठेवला तरी तो तिथून आपल्याकडे बघत बसतो.

तू दोनच गोष्टी विचारल्यास. आईचं घर महिनाअखेर घरमालकाला रिकामं करून द्यायचंय, तर तिच्या सामानातलं मला काय हवं. आणि मी येणार आहे की नाही. दोन्हीचं उत्तर देतो. आधी इथलं सांगतो.

इथे म्हणजे आठ टेबलांच्या एका पिझ्झ्याच्या हॉटेलात आहे. मागे विटांची भट्टी आहे, पालथ्या घातलेल्या टोपलीसारखी. पहिल्या दिवशी मी मालकीणबाईंना सांगितलं होतं की चार दिवस काम करीन आणि पुढे जाईन. त्याला पाच महिने झाले. बाई मला अजून ‘पाहुणा’ म्हणतात. साठीच्या आहेत, नवऱ्याचे जुने बूट घालून फिरतात, आणि आवाज असा की भट्टीतली राख हलावी. पीठ मळायचं काम माझ्याकडे आहे. ते आदल्या दिवशी मळून झाकून ठेवायचं, फुगलं की दाबायचं, मग परत फुगू द्यायचं. मी सारखा झाकण उघडून बघतो. बाई म्हणतात, “अहो पाहुणे, ते काय पळून चाललंय? पळून जाणारे तुम्ही.”

काल एक गंमत झाली. कोपऱ्यावर एक चांभार बसतो, त्याच्याकडे बूट टाकले होते. तो म्हणाला, टाच एकाच बाजूने झिजलीय, तुम्ही सारखे वळणावर चालता का? मी म्हटलं, सरळ रस्ता कधी मिळालाच नाही. तो हसला नाही. चांभार लोक हसत नाहीत का गं? असो. भरकटलो.

टोमॅटोचं सांगायचं होतं. स्वयंपाकघराच्या मागे बाईंचे सहा वाफे आहेत. त्यांतले टोमॅटो बाजारातल्यासारखे एका मापाचे, चेंडूसारखे नाहीत. एक काळपट, एक पिवळाजर्द, एक भोपळ्यासारखा घड्या पडलेला. बी घरचंच, बाईंच्या सासूपासून चालत आलेलं. आईच्या टोमॅटोसारखंच की. तुला आठवतो ना आपला? देठापाशी हिरवा, खाली केशरी, आणि आडवा कापला की आत फूल. आजीकडून आईकडे आलेला. मी एवढा हिंडलो, पण तसा टोमॅटो कुठल्याही बाजारात पाहिला नाही. आता तर मुद्दाम बघतो. भाजीवाल्या वैतागतात. एक म्हणाली, “घ्यायचंय की ओळखपरेड आहे?”

तू लिहिलंयस, आईने शेवटच्या वर्षी टोमॅटो लावायचंच बंद केलं. कारण विचारलंस तर म्हणाली, कंटाळा आला. ते वाचून मी पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि दिवसभर पीठ मळलं. बाई म्हणाल्या, “पाहुणे, उद्या लग्न आहे का कुणाचं? एवढं पीठ!”

ताई, तिला कंटाळा आला नव्हता.

पाच वाजले. भट्टी पेटवायची आहे. उरलेलं उद्या लिहितो.

सोमवार

आज हॉटेल बंद असतं, त्यामुळे सबब नाही.

दोन वर्षांपूर्वी मी घरी आलो होतो तो दिवस तुला आठवतो. तुमच्या सगळ्यांच्या दृष्टीने मी त्या दिवशी आईशी एका पिझ्झ्यावरून भांडलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघून गेलो. तू मला तेव्हा फोनवर म्हणालीस, “पिझ्झ्यावरून आई सोडतात का रे?” तेव्हा मलाही तेच वाटत होतं, की पिझ्झ्यावरूनच.

मी तेव्हा एका बेकरीतून नुकताच पीठ फुगवायला शिकलो होतो. जन्मात पहिल्यांदा मला काहीतरी येत होतं. आई शिवलेले कपडे पोचवायला बाहेर गेली होती. म्हटलं, ती परत यायच्या आत सगळं तयार ठेवायचं. ओव्हन नव्हता म्हणून तिचा जाड तवा घेतला आणि वर पातेलं पालथं घातलं. चीज येताना आणलं होतं. टोमॅटो मात्र आपलेच हवे होते. मागच्या दारी गेलो. त्या वर्षी दोनच झाडं होती आणि त्यातलं एक आधीच मेलं होतं. दुसरंही वाळत आलेलं, पानं तपकिरी, वर चार फळं. मी चारही तोडली. त्यातल्या सगळ्यात मोठ्या टोमॅटोच्या देठाला लाल चिंधी बांधलेली होती.

आता आपलं घर म्हणजे शिवणारणीचं घर. चिंधी कुठे नव्हती सांग? किल्लीला होती, साखरेच्या डब्याला होती, फाटकाच्या कडीला होती, तुझ्या वेणीला तर कायमच. मला वाटलं, फांदी वाकली असेल म्हणून बांधलंय. मी गाठ सोडली, टोमॅटो घेतला आणि चिंधी माझ्या बॅगेच्या चेनला बांधली. तिची कडी तुटली होती ना.

मग तुम्ही आलात. भाऊजींनी तव्यात डोकावून विचारलं, “हा पिझ्झा आहे की जगाचा नकाशा? पुढे कुठे जाणार ते दाखवतोयस का आम्हाला?” सगळे हसले. तेवढ्यात आई आली. तुझ्या लक्षात नसेल, पण माझ्या आहे. तिने पिशवी ठेवली, मागच्या दारात गेली आणि तिथे जरा उभी राहिली. आत येऊन मला विचारलं, “सगळे तोडलेस?”

मी छाती काढून म्हणालो, “सगळे! एकही ठेवला नाही.”

“बरं केलंस,” ती म्हणाली. “झाड वाळतच होतं.”

आणि मग हात धुऊन आपल्यात जेवायला बसली.

पुढचं तुला माहीत आहे. तिने आपल्या तुकड्यावरचे टोमॅटो एकेक करून ताटाच्या कडेला काढून ठेवायला सुरुवात केली. मी बघत होतो. सगळ्यांनी वाहवा केली आणि तिने मात्र काही न बोलता निवडत बसावं! मी म्हणालो, “आवडलं नसेल तर तसं सांग ना, खडे निवडल्यासारखं काय करतेस?” ती म्हणाली, “आवडलं रे. टोमॅटो जरा गरम आहे, म्हणून.” पण गार झाल्यावरही तिने ते खाल्ले नाहीत. उलट छोटीच्या ताटात उरलेलेही उचलून घेतले. मग माझं डोकं फिरलं. शाळा सोडली तेव्हापासूनचं सगळं काढलं मी. मी काहीही केलं की तुला त्यात खोटच दिसते, असं म्हणालो. तू मला गप्प करत होतीस. ती एवढंच म्हणाली, “शांतपणे जेव, भोवऱ्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला न उठवता निघालो. स्वयंपाकघराच्या खिडकीत काचेचा पेला होता. पाण्यात ते टोमॅटोचे तुकडे. मला वाटलं, खरकटं भिजत घातलंय. तेसुद्धा मनाला लागलं, बघ.

गेल्या बुधवारी मी बाईंच्या वाफ्यात टोमॅटो काढायला गेलो. एक फार सुंदर होता, मऊ पडलेला, आणि त्याच्या देठाला सुतळी. मी हात घातला आणि बाई खिडकीतून ओरडल्या, “पाहुणे! हात तोडीन! ते बियाणं आहे!”

मला कळेना. त्या बाहेर आल्या आणि शेंबड्या पोराला समजवावं तसं सांगितलं. सगळ्यात चांगलं फळ आधी निवडायचं, त्याला खूण बांधायची आणि मग झाडाची बाकीची सगळी फळं खायची, पण त्याला हात लावायचा नाही. ते पार पिकून मऊ पडलं की त्याचं बी काढायचं. “तेवढं एक खाल्लंत,” त्या म्हणाल्या, “की सासू मेली माझी. परत एकदा.”

मग त्यांनी एक आधी काढलेलं फळ दाखवलं. बी गरासकट पाण्यात, काचेच्या पेल्यात. खिडकीत. तीन दिवस असंच ठेवायचं, म्हणजे बिया सुट्या होऊन तळाशी बसतात.

ताई, मी त्या पेल्याकडे बघत उभा राहिलो. बाईंना वाटलं, मला भोवळ आली. त्यांनी मला पिठाच्या पोत्यावर बसवलं.

मग मी हिशोब लावला, म्हणजे मागचं सगळं एकेक आठवलं. तुझं बाळंतपण झालं ते सबंध वर्ष आई तुझ्याकडे होती, टोमॅटो लावलेच नव्हते. त्या काळात घर बंद होतं, पुड्यांमधलं जुनं बी दमटलं. त्यातलं सगळं पेरून दोनच रोपं उगवली, हे तिने मला फोनवर सांगितलं होतं. मी तेव्हा बसमध्ये होतो आणि ‘हं, हं’ करत होतो. म्हणजे आजीपासून चालत आलेलं जे काही होतं, ते त्या एका झाडाच्या फळांत होतं. मी ते कापलं आणि तव्यावर भाजलं. आणि आई जगाच्या नकाशावरून एकेक बी परत गोळा करत बसली होती.

तिने मला सांगितलं का नाही? एक शब्द बोलली असती तर! पण तेव्हा मी पहिल्यांदाच काहीतरी रांधलं होतं. ती बोलली असती तर मी पुन्हा कधी काही केलं असतं का, तूच सांग. आणि तुलाही तिने शेवटपर्यंत कळू दिलं नाही. कंटाळा आला म्हणाली.

आता तुझ्या पत्रातली ती ओळ. तू सहज लिहिलीयस, भांड्यांच्या यादीत. “मागच्या दारी एक कुंडी आहे, नुसतीच माती. आई हॉस्पिटलात जाईपर्यंत तिला रोज पाणी घालायची. काय लावलंय विचारलं तर म्हणायची, उगवलं तर उगवलं. ती टाकून देतेय.”

काल मी बाईंना विचारलं, भाजलेलं बी उगवतं का हो? त्या म्हणाल्या, “तुम्ही भाजलेले शेंगदाणे पेरता का?” मग माझ्याकडे बघितलं. त्यांनी स्वतः मला एक पिझ्झा करून दिला, वाफ्यातले टोमॅटो घालून. मला तो जाईना. टोमॅटो नुसते इकडून तिकडे करत होतो.

अजून एक आहे. हे लिहायचं नव्हतं. आई गेल्याचा तुझा निरोप मला नऊ दिवसांनी मिळाला, हे खरं आहे. पण मग मी आलो का नाही, ते तू विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. मी स्टँडवर गेलो होतो. घरची गाडी लागलेली होती, खिडकीची जागाही होती. मी शेजारच्या गाडीत चढलो. ती गाडी मला इथे घेऊन आली. वाटलं, घरात शिरलो आणि ती नाहीच दिसली, तर ते भांडण कायमचं माझ्याकडेच राहील. ते तसंही राहिलं.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मशीन तू घे, तुला येतं. भांडी भाऊजींच्या बहिणीला दे. मला ती कुंडी हवी. रिकामी नको, मातीसकट. उपसू नकोस. त्यातून काही येणार नाही हे मला माहीत आहे. आईलाही माहीत असणार, आयुष्यभर बी राखलं तिने. तरी ती रोज पाणी घालायची.

आणि येणार का, तर येतो असं मी आईला इतक्यांदा सांगितलंय की तो शब्द तुला लिहायला लाज वाटते. बाईंना विचारलं, महिनाअखेर रजा मिळेल का? त्या म्हणाल्या, “पाहुण्यांना रजा कसली? जा. आणि परत आलात तर पाहुणे म्हणणार नाही.” तिकीट काढून पिठाच्या डब्याखाली ठेवलंय. यापेक्षा जास्त काही लिहीत नाही.

पाकिटात एक लाल चिंधी आहे. ती तीच. दोन वर्षं माझ्या बॅगेला होती, म्हणून कळकट झालीय, पण टीप आईचीच आहे, बघ. सामान हलवणारे आले की कुंडी आधी फेकतील. म्हणून आजच ही चिंधी त्या कुंडीला बांध. मी पोचेपर्यंत कुणी हात लावू नये. आणि जमलं तर रोज तांब्याभर पाणी घाल.

ज्याने सगळे तोडले, एकही ठेवला नाही,
तो तुझा
भोवरा