एकशे बासष्ट व्होल्ट

रविवार, १५ सप्टेंबर २०२४
दुपारचे चार वाजून दहा मिनिटं

प्रिय नेवेनाताई,

हे लिहायला बसेपर्यंत मिरच्यांच्या बरण्यांची झाकणं पुसत होतो. चोवीस बरण्या झाल्यात, त्यातल्या आठ तुझ्या. उद्या पहाटे वेन्त्सीची गाडी इटलीला निघते. तुझ्या खोक्यात सगळ्यात वर हे पत्र ठेवतो, म्हणजे मिरच्यांचं तेल झिरपलं तरी कागद वाचेल. वेन्त्सी म्हणाला, "बहिणीला फोन करायचा सोडून पत्र? प्रेमात पडलास की काय कुणाच्या?" मी म्हटलं, तू गाडी नीट चालव. फोन का नाही केला ते शेवटी सांगतो. फोनवर तू कामाच्या घरून "स्विलेन, लवकर बोल, म्हातारीला आंघोळ घालायचीय" म्हणतेस आणि माझं निम्मं घशातच राहतं. कागदावर मला घाई होत नाही. शुद्धलेखन दोनदा तपासलंय, तरी चूक सापडली तर हसू नकोस. दहावीनंतर चुका दाखवायला मला कुणी उरलं नाही.

आधी कॉम्प्युटरबद्दल. दर गुरुवारी सहाला सोफियाहून मिग्लेनाबाई आईला बोलायला शिकवतात आणि ऑगस्टपासून तो तास मधेच तुटतो, हे तुला ठाऊक आहे. त्या वेळी मी टायरच्या दुकानात असतो. आईजवळ शेजारची त्सोनाआजी बसते, म्हणजे बसल्या बसल्या झोपते. आईला शब्द सापडला नाही की ती डाव्या हाताने टेबल बडवते, आणि कॉम्प्युटरचं खोकं त्याच टेबलावर. म्हणून सगळे धरून चालले की तीच चिडून बंद करते. मिग्लेनाबाईंनी सभ्यपणे लिहिलं, "आज आईंचं मन नव्हतं वाटतं." तू फोनवर म्हणालीस, "आई, तुला बरं व्हायचंच नाहीये का? मी इथे कुणासाठी राबतेय?" त्यावर आई म्हणाली, "बरं." मार्चमधल्या अर्धांगाच्या झटक्यापासून तिच्याकडे तेवढा एकच शब्द उरला होता. भूक लागली तरी "बरं", पाय दुखला तरी "बरं". मानेची हो-नाहीसुद्धा उलटसुलट होते, म्हणून मी मानेवर विसंबत नाही. मग तीन तारखेला तू कळवलंस की तिथल्या नर्सिंगच्या शाळेतला प्रवेश सोडतेस, एकवीसच्या बसचं तिकीट काढलंस, आता कायमची घरी. मी ते आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बरं."

पाच तारखेला मी दुकानातून लवकर सुटलो. दारातून पाहतो तर पडद्याचा छोटा दिवा चालू आणि खोकं मात्र मेलेलं. आईचा हात मांडीवर, रुमालाखाली. तिने काही बडवलं नव्हतं. स्वयंपाकघरातला बल्ब पणतीसारखा पिवळा झाला होता. मी मीटर आणून प्लगमध्ये धरला. एकशे बासष्ट व्होल्ट, ताई. दोनशे तीस हवेत. अंगणात आलो तर अख्ख्या गल्लीत धूर. प्रत्येक दारात मिरच्या भाजायची विजेची भट्टी लालबुंद. आणि आपली भट्टीसुद्धा! आजीने झोपण्यापूर्वी ती आपल्याच अंगणात लावून ठेवलेली. दिवसभर सगळे शेतात असतात, उन्हं उतरली की भाजायला बसतात, आणि बरोबर तेव्हाच आईचा तास. आपल्या कॉम्प्युटरातला स्वस्तातला जुना पॉवर सप्लाय एवढ्या कमी दाबाला मान टाकतो. पडद्याचा आणि इंटरनेटचा सप्लाय तग धरतात, म्हणून कुणाला शंका आली नाही. महिनाभर आईवर आळ होता, आणि तो नाकारायला तिच्याकडे शब्द नव्हता.

मी आजीला म्हटलं, गुरुवारी तासभर गल्लीने भट्ट्या बंद ठेवल्या तर? ती म्हणाली, "मिरची थांबत नाही बाळा. तुझं यंत्र थांबू दे." खरंच आहे म्हणा.

मग शनिवारी गेन्चोकडे गेलो. त्याने तळघरात ती बिटकॉइनची नाणी खोदायची कॉम्प्युटर-यंत्रं मांडली होती ना, विजेचं बिल परवडेना म्हणून आता एकेक करून विकतोय. त्याच्याकडे मोठ्या सर्व्हरमधून काढलेले पॉवर सप्लाय ढिगाने पडलेत, पावाच्या लादीसारखे लांबट, वजनदार. मला म्हणाला, "हा घे. शंभर व्होल्टलाही चालतो. अमेरिकेत चालेल, जपानात चालेल, आणि नशीब चांगलं असेल तर तुमच्या गल्लीतही चालेल." पण तो घरच्या कॉम्प्युटरसाठी केलेला नसतो. त्याला वायरीच नसतात, मागे नुसते सोनेरी दात. त्यातून फक्त बारा व्होल्ट बाहेर पडतात. बाकीचे दाब तयार करायला छोटी पट्टी वेगळी घ्यावी लागते. आणि नुसता प्लग लावला की तो जागा होत नाही. सर्व्हरमध्ये बसवल्याची खूण पटावी म्हणून दोन ठरावीक दात एकमेकांना जोडावे लागतात. कुठले दोन, हे मी गेन्चोला तीनदा विचारलं, मग घरी येऊन स्वतः मोजलं. तू म्हणतेस मी भित्रा. भित्राच बरा. आधी कॉम्प्युटर न लावता गाडीचा जुना दिवा लावून पाहिला, अर्धा तास. दाब हलला नाही.

पण त्याचा पंखा! बटण दाबलं आणि घरात विमान उतरलं. कोंबड्या कुंपणावर चढल्या. आजी छातीवर क्रॉसची खूण करत धावत आली, "अरे, आत मळणी काढलीस काय?" आणि आई हसली, ताई. मार्चनंतर पहिल्यांदा. तोंडाची एकच बाजू हसली, पण आवाज करून हसली. मला यंत्र बंद करवेना.

पंखा मंद करून पाहिला तर सप्लाय स्वतःच बंद पडतो, गरम होईल म्हणून. त्याचं बरोबर आहे. शेवटी भिंतीला भोक पाडून तो पलीकडे बरण्यांच्या कोठीत ठेवला. बाराची जाड वायर तेवढी आत आणली. कॉम्प्युटर फार वीज खात नाही, तेवढ्या अंतरात काही बिघडत नाही. दार लावलं की आवाज दूरच्या ट्रॅक्टरइतका येतो. आजीने लगेच बरण्या त्याच्यासमोर मांडल्या, "गरम वारा येतोय, झाकणं वाळतील." मी त्या हलवतो, ती परत मांडते. सध्या आमचं भांडण एवढंच.

बारा तारखेच्या गुरुवारी मी दुकानातून सुट्टी घेतली. गल्लीत भट्ट्या पेटल्या, बल्ब पिवळा पडला, मीटर एकशे अठ्ठावन्नवर उतरला. कॉम्प्युटर चालूच. मी कोठीच्या दारात हात जोडून उभा होतो, नवरीचा बाप मांडवात उभा असतो तसा. मिग्लेनाबाई "पाणी, पाव" करून घेत होत्या. आई दोन्हींना "बरं" म्हणाली. मग त्या सहज म्हणाल्या, "नेवेना कायमची घरी येतेय म्हणे! आनंद झाला ना?" आई म्हणाली, "बरं." आणि लगेच टेबल बडवलं. बाईंनी विषय बदलला नाही, गप्प राहिल्या. एरवी इथेच सगळं बंद पडायचं. आईचे ओठ हलत होते, कपाळावर घाम. किती वेळ गेला कोण जाणे. मग म्हणाली, "ना." मग "नाही." बाईंना वाटलं चुकून आलं. त्यांनी पुन्हा विचारलं. "नाही." तिसऱ्यांदा विचारलं, "नेवेनाने येऊ नये?" तर आई पडद्यावर बोट आपटत म्हणाली, "नेवा. शाळा. शाळा." आणि रडली. बाईही चष्मा पुसत होत्या. मी कोठीत जाऊन बरण्या हलवल्या.

म्हणून हे लिहिलं. फोनवर सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, स्विलेननेच पढवलं तिला. आणि आईला फोनवर धरलं असतं तर तुझ्या एका हुंदक्याला ती पुन्हा "बरं" म्हणाली असती. घाबरली की तोच शब्द येतो. तू यावंस असं मलाही वाटत होतं, खोटं कशाला बोलू. बसच्या तारखेवर मी खूण केली होती. सकाळी तिला एकट्याने उचलताना पाठ भरून येते, आणि संध्याकाळी घरात बोलणारं कुणी नसतं. पण आता आई तीन शब्दांचं माणूस झालीय, तुझं नाव धरलं तर चार, आणि नवे सगळे तिने तुझ्यासाठी खर्च केलेत. तेव्हा एकोणीसच्या गुरुवारी, तास संपल्यावर, आपल्या इकडच्या सातला, कॉम्प्युटरवर ये. भट्ट्या चालू असतील, असू देत. तिची माफी वगैरे मागू नकोस, रडेल. फक्त एवढंच विचार, "आई, मी येऊ?" आणि मग गप्प बस. मधे काही बोलू नकोस, शब्द पुरवू नकोस, मला हाक मारू नकोस. कितीही वेळ लागला तरी थांब. ती शोधत असते. तिला सापडेल.

तुझाच,
स्विलेन

हिशेब: पॉवर सप्लाय १५ लेव्हा, पट्टी ३४, वायर ८. एकूण ५७. पैकी दिले ४२, गेन्चोचे १५ देणं. तो म्हणतो मिरच्या दे, पण मी पैसेच देणार. तुझं बसचं तिकीट ९० युरो, परत मिळत नाही असं वेन्त्सी म्हणाला. त्यातले ४५ माझ्याकडे लागू. ईस्टरपर्यंत देतो.